इंजिन बसेपर्यंत

ता. ४ नोव्हे. मंगळवार

इंजिनाच्या मिस्त्रीनं, सलीमभाईनं, फोनवर सांगितलं वही ठेवा. रोज किती तास चाललं, कसं चाललं, तारीख टाकून लिहायचं. म्हणून ही वही. चौथीपर्यंत शिकले, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. वाचायला कोण येणार हाय.

इंजिन आलं. शहरातल्या द्वारका चौकातल्या दुकानातून टेम्पोत, खोक्यात थर्माकोल लावून. मच्छीमार सोसायटीला एकच मिळालं. चेरमननं आमच्या होडीला दिलं, कारण धरणापलीकडच्या वाडीची माणसं रोज मीच नेते-आणते. आधी आमचे हे न्यायचे. हे गेले त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून मी.

पण देताना बोललाच. "इंदूबाय, दहा तासाचं रनिंग हाय. त्यात काय बिघडलं तर इंजिन नामदेवच्या होडीला. मशीन हाय, बाईमाणसाचं काम हाय का ते बघू."

नामदेव म्हणजे माझा दीर. मिशीत हसत होता.

पाच वर्षं वल्हं मारलं तेव्हा कोणी म्हणलं नाय, बाईमाणसाचं काम हाय का.

ता. ५ बुध. पौर्णिमा

सलीमभाई स्वतः आला बसवायला. पूजा केली. ताट मी केलं, नारळ मी आणला. घाटावर उतरले तर नामदेव म्हणतो, "वहिनी, तुम्ही नका. सुनंदाला करू द्या. नवी वस्तू हाय."

सुनंदा त्याची बायको, माझी धाकटी जाऊ. तिनं मान खाली घालून ताट घेतलं. झाकणावर पाच बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या. मी मागं उभी. नारळाच्या शेंड्या हातात. होडी ह्यांनी बांधून घेतलेली. दर उन्हाळ्यात डांबर मी लावते, फळीच्या भेगा मी बुजवते. आणि बोटं लावायला सवाष्ण पाहिजे.

दात दुखले दाबून दाबून.

सलीमभाईनं सांगितलं ते लिहिते. पहिला तास अगदी हळू. मग अर्ध्यावर. दहा तास वेगाची मूठ पूर्ण पिळायची नाय. एका वेगानं नाय चालवायचं, कमी जास्त करायचं. दहा तासांनी तेल बदलायचं. आणि मागं बारीक भोक हाय, त्यातून पाण्याची धार पडते. "ये धार देखते रहना. बंद झाली तर इंजिन बंद, सवालच नाही."

मी म्हणलं, म्हणजे मुततंय तोवर जितं.

लय हसला. "बराबर, बाई."

१ तास झाला.

ता. ६ गुरू.

अर्ध्यावर. दोन खेपा. दीड तास.

ह्याच्यापेक्षा वल्ह्यानं आधी पोचले असते. पलीकडून म्हशी पोहत आल्या त्या पुढं गेल्या. भिमाआजी होडीत. तिला रोज दवाखान्याचं कायतरी काम असतं. म्हणते, "इंदे, हे इंजिन हाय का वरात?" सगळ्या बाया हसल्या.

मूठ पिळावी वाटते. हात शिवशिवतो. नाय पिळली. नामदेव काठावर बसून बघतो, रोज. त्याला दुसरं काम नाय का. जाळी फाटकी पडलीत त्याची.

ता. ८ शनि. सकाळी

पहाटे एकटीच गेले घाटावर. घरातली हळद-कुंकवाची डबी नेली. पाच वर्षं उघडली नव्हती. कुंकू घट्ट झालेलं, पाण्यात भिजवलं, तांदूळ टाकले. नीट दिसत नव्हतं. अंगठ्यानं दाबून लावलं इंजिनाला. माझं हाय ते. माझ्याकडून पण लागलं पाहिजे. बघणारं कोणी नव्हतं, असतं तरी लावलं असतं.

नाय. असतं तर नसतं लावलं. खोटं कशाला लिहू.

आता बाजाराची खेप.

ता. ८ दुपारी

राग अजून उतरला नाय, अक्षर बघा.

होडीत नऊ बाया, तांदळाची गोणी, वालाच्या शेंगा, दोन कोंबड्या. गडबडीत धार बघितली नाय. मधोमध गेलो आणि मागं वळले. धार नाय. थेंबसुद्धा नाय. केलं बंद. तिथनं वल्ह्यानं आमच्या काठाला, वारं तोंडावर. बायांची घोटीची जीप चुकली. भिमाआजी म्हणे, "वरातीचा नवरा पळाला." मी म्हणलं गप बस आजी नायतर पाण्यात टाकीन. गप बसली.

काठावर पोचायच्या आत गावभर झालं, इंजिन बसलं. नामदेव चेरमनला घेऊन हजर. जसा काय वाटच बघत होता.

सलीमभाईला फोन लावला. नामदेवनं माझ्या हातातनं घेतला, स्पीकर लावला. "सलीमभाई, इंजिन बसलं का हो?"

तो म्हणतो, "अरे इतक्या लवकर कसं बसेल? दहा तास होऊ द्या, बराबर बसेल."

नामदेव सगळ्यांकडं फिरला. "ऐका. मिस्त्रीच म्हणतोय बसणार."

मी ओरडले, अहो ते बसणं वेगळं. सलीमभाई पण ओरडतोय फोनमधून, "रिंगा बसतात रिंगा, आतल्या, चांगलं असतं ते." ऐकतंय कोण. चेरमन म्हणे, "बसलं म्हणजे बसलं."

फोन हिसकून घेतला. सलीमभाईनं सांगितलं झाकणाला हात लावून बघा. गरम होतं, चटका नव्हता. म्हणे मग धारेच्या भोकात कचरा असेल, पिन घाला. पदराची पिन काढली, घातली. तांदळाचा दाणा निघाला. लाल. मागनं कुंकवाचा काळपट गोळा.

सुनंदा तिथंच उभी होती. मी सगळ्यांसमोर दाणा तिच्या हातावर ठेवला. "घे. सवाष्णीचं कुंकू. म्हणून मी नको होते ना तुम्हाला."

लय बरं वाटलं बोलून.

नामदेव तिच्यावर ओरडला. "एक काम धड होतं का तुझ्या हातनं? जिथं हात लावशील तिथं वाटोळं." ती दाणा हातात धरून उभी राहिली.

इंजिन चालू झालं. धार चांगली. तरी चेरमन म्हणे, पुढच्या रविवारी मीटिंग, तिथं ठरवू कोणाच्या होडीला ठेवायचं. तोवर चालवा.

ता. १० सोम.

दोन खेपा. सव्वापाच तास झाले एकूण.

आज झाकण पुसायला फडकं घेतलं. सुनंदाची पाच बोटं वर, झाकणावर, अजून तशीच. कोरडी. तिनं कोरडंच लावलं होतं, ताट मी केलं होतं ना, मलाच माहिती. तिच्या अक्षता त्याच दिवशी वाऱ्यानं गेल्या.

भोक खाली, मागं.

तिथं तिचा हात गेलाच नव्हता. भिजवलेलं मीच. तांदूळ मीच. अंगठा माझा. अजून बाजूला पुसट लाल हाय, माझ्या अंगठ्याएवढं.

फडकं पाण्यात फेकलं. मग आणायला पोहावं लागलं, एकच हाय.

ता. ११ मंगळ.

सांगितलं तर काय होईल ते लिहिते, म्हणजे डोक्यातनं जाईल. म्हणतील, कपाळ पुसलेल्या बाईनं कुंकू लावलं म्हणून इंजिन बंद पडलं. भोक, कचरा, पिन, काय ऐकणार नायत. इंजिन नामदेवकडं. मी परत वल्ह्यावर, आणि इंजिन असताना वल्ह्याच्या होडीत कोण बसतंय. होडी काठावर कुजेल.

नाय सांगितलं तर काय नाय. सगळं चालू.

सगळं चालूच हाय. सुनंदा होडीत येत नाय. तिची आई पलीकडच्या वाडीत, अंथरुणाला. दर मंगळवारी मीच न्यायची तिला, नामदेव नेत नाय, म्हणतो वल्हं काय फुकट चालतं का. आज ती रस्त्यानं जीपनं गेली. दीड तास वळसा. माझ्या होडीवरनं जीप दिसत होती पुलावर.

राग कोणाचा येतोय तेच कळत नाय. सगळ्यांचाच येतोय. ह्यांचा पण येतोय, मेले म्हणून.

ता. १३ गुरू.

घाटावर सुनंदा कपडे धूत होती. मी मुद्दाम होडी तिथंच लावली.

ती मान वर न करता, "आक्का, मी झाकणावर लावलं होतं."

"म्हाइत हाय."

"तुम्हाला म्हाइत हाय, हे मला म्हाइत हाय. त्या दिवशीच कळलं. माझं कुंकू असं काळं पडलेलं नसतं. जुन्या डबीतलं होतं ते."

मी म्हणलं, मग तिथंच बोलली का नाय, तोंड नव्हतं का.

धुणं आपटलं तिनं. "बोलले असते तर इंजिन आमच्या ह्यांच्याकडं आलं असतं. मग आईकडं मला कोणी नेलं असतं?"

मग म्हणे, "पण घरात आता भांडं पडलं तरी माझ्याकडं बघतात. सासूबाई काल म्हणाल्या, तू शेळीला हात लावू नको, गाभण हाय."

मी म्हणलं, मग मी काय करू म्हणतेस.

"मी काय म्हणत नाय." बादली उचलून गेली.

म्हणायचं ना. चार शिव्या द्यायच्या. म्हणत नाय म्हणे. असल्या गरीब माणसांचा मला लय राग येतो, सगळं आपल्यावर टाकून जातात.

७ तास.

ता. १५ शनि.

साडेनऊ तास. सलीमभाईला फोन केला. विचारतो आवाज कसा हाय. मी म्हणलं मऊ झालाय, पहिल्यासारखं खाकरत नाय. म्हणे, "बसत आलं बघा. दहा झाले की तेल बदला, मग मूठ पिळा पाहिजे तेवढी. चांगलं सांभाळलंत, बाई."

आजवर कोणी बोललं नाय मला असं. त्याला काय माहिती.

नामदेव आज काठावरनं म्हणाला, "वहिनी, उद्या इंजिन काढायला पाना कुठला लागतो ते बघून ठेवा." मी म्हणलं तुझ्या डोक्याला लागेल तोच. बाया हसल्या. मला हसू आलं नाय.

ता. १६ रवि. सकाळी

मीटिंग पलीकडं, शाळेच्या ओट्यावर. अर्धा तास जायला. म्हणजे तिकडं लागेपर्यंत दहा तास भरतील.

होडीत सगळे चढले. चेरमन, नामदेव, भिमाआजी (तिला मीटिंगचं काय?), बाया. शेवटी सुनंदा आली. आठ दिवसांनी. माझ्याजवळच्या फळीवर बसली, इंजिनाशेजारी. पिशवीतनं हळद-कुंकवाची डबी काढली, झाकण उघडलं आणि फळीवर ठेवली. माझ्या बाजूला, लाव म्हणल्यासारखी. माझ्याकडं बघितलं नाय.

नामदेव म्हणतो, "ती डबी कशाला काढली? आत ठेव."

नाय ठेवली.

सगळे बघतायत. मी वहीत तास लिहिते असं दाखवतेय, म्हणून एवढं तरी लिहून होतंय. वारा सुटतोय. कुंकू उडेल आता.

चेरमन म्हणतोय, "इंदूबाय, ओढा दोरी, उशीर होतोय."

उजवा हात लागतो दोरीला. कुंकवाला पण उजवाच