सासूबाईंचे गुडघे

आई, तुमचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते, आणि तरीही सत्त्याऐंशी साली अख्ख्या कामतघर वस्तीने त्यांची चौकशी केली. कारण मला दिवस गेले होते. तिसरा महिना सरेपर्यंत सुनेचं कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते, हे तुमचं मत. आणि दर महिन्याला डॉक्टरणीकडे जायचंच, हेही तुमचंच. दोन्ही मतं एका घरात नांदावीत म्हणून तुम्ही लंगडायला लागलात. धामणकर नाक्याला माझ्या खांद्यावर हात टाकून रिक्षातून उतरायचात आणि दवाखान्यात शिरल्यावर मला पुढे ढकलायचात, "हिला बघा. मना काय झालेला न्हाय." मी शाळेत संस्कृत शिकवायची, सत्यावरची सुभाषितं मुलांकडून घोकून घ्यायची आणि बाहेर सांगायची, सासूबाईंचा सांधा धरलाय.

समोरच्या पॉवरलूमवाल्यांच्या घरातल्या वयस्कर खाला तेलाची बाटली घेऊन आल्या. तुम्ही खाटेवर कण्हताय, मी कोपऱ्यात चिंच चोखतेय. "घुटना सास का," त्या म्हणाल्या, "और इमली बहू खाती है?" धुरावरून अग्नी ओळखावा, हे न्यायशास्त्र मी पाठ केलं होतं, खालांना चिंच पुरली. तुम्ही कण्हणं सोडून हसलात. तेल मात्र ठेवून घेतलंत.

आठव्या महिन्यात मीच कंटाळले. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, दुखत तर काही नव्हतं. "पुढच्या खेपेला जाऊ," म्हटलं. तुम्ही पदर खोचलात. "लूम बंद पडल्याव तेल घालतान काय? चालू हाय तवरच घालतान." मग रिक्षात, बाहेर बघत, एवढंच बोललात, "माझ्या पहिल्या वक्ताला कोन बघाया नव्हता. पोर हाती न्हाय लागला." त्या दिवशी माझा रक्तदाब चढलेला निघाला, पायांवर सूज, डॉक्टरणीने घरी सोडलंच नाही. लेक सुखरूप झाली. मुलगी झाली की बर्फी वाटतात, तुम्ही पेढेच आणलेत, आणि ते वाटत जिना इतक्या भराभर उतरलात की खाला खालून म्हणाल्या, "अरे, घुटना संभालो."

आता त्याच लेकीला तिसरा महिना आहे. "आई, हल्ली कोण लपवतं?" म्हणते. मी तरीही काठी घेऊन लंगडते. दर महिन्याला आम्ही जातो. तिची तपासणी होते, मी बाकावर बसते, सगळं नीट आहे. काल खालांच्या सुनेने तेल आणून दिलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही: माझे गुडघे खरोखरच दुखतात, आणि ते डॉक्टरणीला सांगायचं दर खेपेला राहून जातं.