अर्धी वाटी सूप

धाकट्या,

चर्चचा पाळक होण्याआधीची तुझी वृद्धाश्रमातली सेवा मी काल पाहिली. मी तिथलं ऑक्सिजनचं यंत्र दुरुस्त करत पडद्यामागे बसले होते. तू भरवत होतास त्या आजोबांनी तुझ्या तोंडावर सूप फेकलं. "पाळक होणार म्हणे! आधी चमचा धरायला शीक."

पूर्वी एवढ्यावर तू दार मोडलं असतंस. काल तोंड पुसून म्हणालास, "शिकवा की, आजोबा. अजून अर्धी वाटी उरलीय."

नंतर तिथल्या मेट्रननं तुझी बहीण म्हणून मला विचारलं, "त्याच्या दीक्षेसाठी चर्चला होकार कळवू? राग खरंच गेलाय?"

"राग आहे," मी म्हटलं. "पण लगाम आता त्याच्या हातात आहे."

तिनं होकार कळवला.

हे तुला पाठवणार नाही. कुणी पाहत नाही असं समजूनच तू वागत राहा. अभिमानानं माझं मात्र यंत्रात लक्ष लागेना.

तुझी,
ताई