चौथी खुर्ची निर्जीव आहे

चेंगदू, ९ नोव्हेंबर

चित्रपट परीक्षण समितीचे माननीय सदस्य, आणि वेळ उरल्यास माझे दादा, यांना धाकट्या बहिणीचा नमस्कार.

मी बरी आहे. गुडघा दुखतो. बीजिंगला थंडी सुरू झाली असेल. इथे ढग आहेत, म्हणजे नेहमीचंच. आईच्या अंत्यविधीला मी तुम्हाला सगळ्या नातेवाइकांसमोर 'कात्री' म्हणाले, तेव्हापासून आपण बोललो नाही. शब्द अचूक होता, त्यामुळे मागे घेत नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच. मी लिहिलेला चित्रपट पास झाला, एवढंच कळवायचं होतं. तुम्हाला आधीच ठाऊक असणार, पण घरची बातमी घरच्या माणसाने दिलेली बरी.

गोष्ट तुम्ही वाचलेली आहे. झीगोंगमधला एक म्हातारा, बायको वारलेली. रोज दुपारी दोन शेजारणी माहजोंग खेळायला येतात, आणि चौघांचा खेळ तिघांत होत नाही म्हणून बायको परत येते. चौथ्या खुर्चीवर बसते, सोंगट्या लावते, नवऱ्याला शिव्या घालते. आपली आईच ती. नाव तेवढं बदललं.

पहिला अभिप्राय आला: भूत चालणार नाही. आमचा निर्माता छ्यू म्हणाला, "ताई, स्वप्न करू या. स्वप्नाला कुठे बंदी आहे?" स्वप्न केलं. दुसरा अभिप्राय: निवृत्त कामगार भरदुपारी इतका झोपतो, हे योग्य चित्र नव्हे. मग म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं ठरवून एक डॉक्टर घातला. तिसरा अभिप्राय: डॉक्टरने रोगी बरा करावा. डॉक्टर हुशार निघाला तर पिक्चर सुरू होताच संपतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मध्येच कुणाला तरी टेबलावरचे पैसेही दिसले. जुगार नको. आता आमची माणसं सूर्यफुलाच्या बिया लावून खेळतात, आणि हरलेला जिंकलेल्याच्या डोळ्यांदेखत भांडवल खाऊन टाकतो.

छ्यूने हात टेकले. "ताई, म्हातारीला काढा. नाही तर पिक्चर डब्यात."

डब्यात गेला असता तर आई दुसऱ्यांदा गेली असती. एकदा पुरे होतं. आम्ही नटीला काढलं, तिचे सगळे संवाद काढले, आणि दिग्दर्शकाने कॅमेराच तिच्या खुर्चीवर ठेवला. समोर तिच्या सोंगट्या, पलीकडे म्हातारा. तो तिच्या वतीने सोंगटी उचलतो, तिला विचारतो, थांबतो. उत्तर येत नाही.

यावर तुमच्या कार्यालयाने लिहिलं: "मृत स्त्री कुठेही दिसत वा ऐकू येत नाही. चौथी खुर्ची निर्जीव सामान असल्याने आक्षेप नाही."

अशा अभिप्रायाखाली नाव नसतं, शिक्का असतो. मी विचारतही नाही. शिए मावशींची काच फुटली तेव्हा 'चेंडू निर्जीव असतो, त्याच्यावर आरोप कसा ठेवता' असा युक्तिवाद करणारा एक मुलगा आमच्या गल्लीत होता, तो उगाच आठवला. असो.

परवा झीगोंगला पहिला खेळ झाला. मीठ कारखान्याचं जुनं सभागृह, दुपारची वेळ, आणि बायका अशा लोटल्या की आत कोबी फुकट वाटतायत असं वाटावं. बाबा पहिल्या रांगेत बसून झोपले: निवृत्त कामगाराचं अयोग्य चित्र. पडद्यावर मंजुरीचा सोनेरी ड्रॅगन उमटला तेव्हा छ्यूने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

मग म्हाताऱ्याने सोंगटी उचलली आणि थेट प्रेक्षकांकडे बघून विचारलं, "ही टाकू का गं?"

जिथे आईची शिवी होती, तिथे आता नुसती शांतता. ती काही टिकली नाही.

"टाकतोय बघ मेला," तिसऱ्या रांगेतली एक आजी म्हणाली. "अरे ठेव ती!"

"तुझ्या बापाने तरी खेळलं होतं का असं?" दुसरी.

"अगं, गप बस. त्याचं त्याला खेळू दे."

"चाळीस वर्षं गप्पच बसले होते. आता विचारतोय तर बोलू दे की!"

सभागृहात हशा कोसळला. त्यानंतर त्याने जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला झापलं. मी एका बाईसाठी संवाद लिहिले होते. समितीने ते काढून घेतले आणि गावातल्या सगळ्या बायकांना वाटून दिले. एकीनेही माझी ओळ म्हटली नाही, आणि माझ्याहून वाईट ओळ एकीनेही म्हटली नाही. छ्यू रडत होता आणि बिया सोलत होता.

दादा, शेवटच्या डावाचं तुला सांगते. चौथ्या खुर्चीवरच्या तिचं सगळं जुळलेलं असतं, एकच सोंगटी हवी असते. पडद्यावर ते स्पष्ट दिसत होतं, म्हणून सगळ्या बायका चिडीचूप झाल्या. आणि अगदी मागून एका पुरुषाचा दबका आवाज आला: "भात करपतोय वाटतं."

लोक हसले. ही ओळ माझ्या कुठल्याच खर्ड्यात नव्हती. एक सोंगटी हवी असली की आई असंच म्हणायची, आणि समोरचे घाईला येऊन नेमकी तीच टाकायचे. चुलीवर भात नसायचाच. बाबांना हे अजून ठाऊक नाही. ठाऊक होतं ते लहानपणी टेबलाखाली बसणाऱ्या दोघांना.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणाला तरी लेखी खुलासा द्यावा लागला असता. बाहेर एका पत्रकार मुलीने विचारलं, "तो आवाज मुद्दाम ठेवला होता का?" मी म्हटलं, "कुणीतरी भुकेलेलं असेल बिचारं."

आपण जिंकलो, दादा. तिला दिसायची परवानगी नव्हती, बोलायची नव्हती, आणि त्या दुपारी झीगोंगमध्ये तिच्याइतकं कुणीच बोललं नाही.

रविवारी मी बाबांकडे जाते आहे. तूही ये. या खेपेला भात खरोखरच लावणार आहे.

तुझी,
शूरोंग