फिनाईलच्या बाटलीतलं दूध

९ फेब्रुवारी, रविवार

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार, आणि इतके महिने पत्र नाही म्हणून कान पकडून माफी. (कान खरोखरच पकडला होता. लिहायला हात हवा म्हणून सोडला.) फोनवर तू ‘बरा आहेस ना’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो आणि मग आपण दोघं गप्प बसतो, ते काही बोलणं नव्हे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं गोड खाणं सुटलं, की नुसतं लपवणं सुधारलं? इकडे सगळे ठीक. विशेष काही कारण नाही, सहज लिहायला बसलो.

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या मनात आलं, की लहान मुलांच्या आईबापांना घरातल्या विषारी वस्तूंबद्दल कुणीतरी चार शब्द सांगावेत. ‘तुम्ही दिवसभर औषधांच्या दुकानात उभे असता, तुम्हीच सांगा,’ असं त्यांचं म्हणणं. (या न्यायाने त्यांच्या ड्रायव्हरने विमानावर बोलायला हरकत नाही.) पण विषय मला मनापासून पटलेला होता. मागच्याच महिन्यात दुकानात एक बाई धापा टाकत आली होती. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या उशाशी होत्या आणि नातवाने त्या तोंडात घातल्या. मूल वाचलं. पण ती बाई काउंटरवर हात टेकून उभी राहिली, तो हात मला अजून दिसतो. म्हणून मी होकार दिला आणि, माझा स्वभाव तुला माहीत आहे, तयारीच्या मागे लागलो.

भाषणासाठी टेबलावर वस्तू मांडायच्या ठरवल्या: फिनाईल, रॉकेल, झुरळांची पावडर, गोळ्यांची पाकिटं. मग मन खाऊ लागलं. ज्या हॉलमध्ये पंधरावीस पोरं धावणार, तिथे खरं फिनाईल न्यायचं, आणि वर लोकांना सांगायचं की ते मुलांच्या हाताला लागू देऊ नका? हे काही बरोबर नाही. म्हणून मी नवी कोरी रिकामी बाटली आणली, फिनाईलचं लेबल गरम पाण्यात भिजवून अलगद सोडवलं, तिच्यावर चिकटवलं आणि आत दूधपाणी भरलं. फिनाईलचं पाणी दिसतं अगदी तसंच दिसत होतं. ही म्हणाली, ‘एवढी अक्कल कुठून येते तुम्हाला?’ मला ती स्तुती वाटली.

भाषण बरं झालं, ताई. विषारी वस्तू उंच आणि कुलपात ठेवा, पाण्याच्या नाहीतर सरबताच्या बाटलीत कधी ओतून ठेवू नका, औषधाला खाऊ म्हणू नका, पोटात गेलंच तर घरच्या घरी उलटी काढत बसू नका, बाटली बरोबर घेऊन थेट डॉक्टरकडे पळा, हे सगळं सांगितलं. मुलं तुमचं ऐकत नाहीत, ती तुमच्याकडे बघत असतात, हे वाक्य तर मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना घसा कोरडा पडला, ठसका लागला. पाण्याचा ग्लास सेक्रेटरींनी केव्हाच संपवलेला. समोर बाटली होती. मी झाकण काढलं आणि दोन घोट घेतले.

हॉलमध्ये एक किंकाळी उठली. मी हात वर करून म्हणालो, ‘घाबरू नका, यात काही नाही, छान आहे!’ मग खुलासा केला. मोठी माणसं हसली. टाळ्यासुद्धा वाजल्या. खुलासा मोठ्यांसाठी होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. लहानांनी फक्त काका फिनाईल पिताना पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई दारात उभी. कडेवर तिची चार वर्षांची भिंगरी. (खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात.) बाईच्या गळ्यात अजून टेप होता. मशीनवर बसली असताना मोरीत फार वेळ शांतता झाली म्हणून ती उठून गेली, तर भिंगरी मांडीत फिनाईलची बाटली घेऊन दातांनी झाकण उघडत होती. शेजारी कप ठेवलेला. बाई नुसती म्हणाली, ‘तुम्हीच हिला सांगा, माझं ऐकत नाही.’

मी सांगितलं. ‘बाळ, ते विष असतं.’

‘तुम्ही प्यायलात.’

‘ते दूध होतं.’

‘मग मला पण दूधवालंच हवं.’

मी म्हणालो, बाटलीवर लिहिलेलं खोटं होतं. म्हणताक्षणी कळलं की मी तिला आणखी एक भलतीच गोष्ट शिकवतोय. मग म्हणालो, काकांचं चुकलं. तिने मान तिरकी करून विचारलं, ‘तुम्हाला कोण ओरडलं?’

ताई, खरंच कुणी ओरडलं नव्हतं. टाळ्या वाजल्या होत्या. ‘कुणीच नाही,’ म्हणालो. भिंगरीने आईकडे असं पाहिलं, जसं काही सगळा निकाल लागला. तिच्या जगात गुन्हा मोजायचं एकच माप आहे: कोण किती ओरडलं. आणि मला ते मुळीच चुकीचं वाटत नाही.

तेव्हापासून मी मजल्यामजल्यावर फिरून लोकांच्या बाटल्या वरच्या फळीवर चढवतोय. भिंगरीच्या घरचं फिनाईल सध्या आमच्याकडे कुलपात आहे. पण आई एकटी, कामात बुडालेली. पोरगी स्टूल सरकवायला शिकली आहे आणि दुनियेत फिनाईल काय एकाच घरात असतं? इकडे सगळे तुमची चौकशी करतात, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
धाकटा

ता. क. वर सहज लिहायला बसलो म्हटलं ते खरं नाही. येत्या शनिवारी इकडे ये आणि सगळ्या पोरांसमोर माझ्यावर ओरड. भिंगरीला पुढे बसवतो. हिला विचारून पाहिलं, ती अर्ध्यातच हसते. सेक्रेटरी ओरडायला तयार आहेत, पण त्यांना मी उलट उत्तर देईन. आईबाबांच्या मागे मला ओरडेल अशी तूच एकटी उरली आहेस. गुडघा दुखत असेल तर बसून ओरड.

ता. क. दुसरा. लटकं ओरडू नकोस, पोरांना लगेच कळतं. ‘पोरीला काही झालं असतं तर?’ एवढं जरूर म्हण. आणि मला रडू आलं तर मध्येच थांबून पाठीवरून हात फिरवू नकोस. आधी पूर्ण कर.

उद्याचं काम: भिंगरीच्या घरी वरच्या कपाटाला कडी बसवणे.