बोतार्गा म्हणायचं नाही

३ मे, सकाळ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं शाबूत ठेवायला रोज चार ओळी लिहा. शाळा दुसरीपर्यंत, पण हात वळतोय. मजेत आहे.

नातू एलेआसार कॉम्प्युटरचं काम करतो. आता आमचं हे पुएब्ला शहर सोडून दूर मॉन्टेरेला राहायला जायचं म्हणतो. तिथल्या मित्रांनी मिळून घर घेतलंय. सगळे प्राण्यांचे पोशाख घालून जमणारे. फरी म्हणतात स्वतःला. त्यांच्या संमेलनाची नावनोंदणी कॉम्प्युटरवर हाच चालवतो. जाणार नाही तो. त्याचा कोल्हा मी शिवतेय. असं शिवणारी तिकडे कोण आहे?

७ मे

शेजारीण रेफुखिया शेपूट बघून म्हणाली, "एवढा घोडा झाला, नि कोल्हा व्हायचंय?" मी म्हटलं, "तुझा नवरा साधा माणूसच आहे, तो तरी घरी थांबतो का?" मग तिच्या गुडघ्याचं निघालं. तास गेला.

त्या नादात पाठीचा तुकडा उलटा कापला. केस मानेकडे उभे राहिले. एलेआसारनं हात फिरवला. "आजी, हा घाबरलेला कोल्हा आहे." उसवू का म्हटलं, तर राहू दे म्हणाला. म्हणजे आवडला.

१० मे, मातृदिन

त्याला म्हटलं, तुझा बोतार्गा छान झालाय. तोंड पडलं त्याचं. "बोतार्गा म्हणू नकोस गं. बोतार्गा म्हणजे गिऱ्हाईक बोलवायला औषधाच्या दुकानासमोर नाचतो तो बाहुला. हा मी आहे."

बरं म्हटलं. पण त्यावरूनच सुचलं.

१२ मे

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानवाल्या एदुविखेसबाईंचा नाचणारा फुगीर बाहुला फाटलाय. म्हटलं, शनिवारी आमचा कोल्हा नाचेल. घराशेजारी नाचायला मिळालं की मॉन्टेरे कशाला? त्याला अजून सांगितलं नाही. आयत्या वेळी सांगितलेलं बरं.

१६ मे, शनिवार, दुपार

सकाळी सांगितलं. "आजी, विचारायचं तरी!" मी म्हटलं, शब्द दिलाय. मग त्यानं पोशाख चढवला.

उन्हात तासभर नाचला. पोरं लोंबकळली. एदुविखेसबाई कर्ण्यातून ओरडत होत्या, "या, खोकल्याचं औषध घ्या, बोतार्गाशी हात मिळवा!"

घरी येऊन कोल्ह्याचं डोकं काढलं. केसांतून पाणी निथळत होतं. म्हणाला, "तुझ्यासाठी नाचलो, आजी. मंगळवारी निघतोय."

मी म्हटलं, पुढच्या शनिवारचंही ठरवून आलेय.

पाणी प्याला. आत गेला.

२० मे

काल गेला. बसपर्यंत पोचवलं नाही, भात लावला होता. काही वाटलं नाही. महिनाभरात येईल. मॉन्टेरेला उकाडा फार.

२४ मे, संध्याकाळ

पाच वाजता फोनवर दिसेन म्हणाला होता. चारपासून निळा झगा घालून बसले. तिकडे राहायला ये म्हणाला, तर दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो, असं ठरवलं होतं.

भिंतींचा रंग दाखवला. दोन मित्र दाखवले; ते "नमस्कार, आजी" म्हणाले. गोळ्या घेतल्यास का, विचारलं. मग कुणीतरी हाक मारली. "ठेवतो हं आजी, जेवायला बोलावतायत."

ये म्हणाला नाही.

झगा काढला. घडी घातली. घडी नीट बसेना, म्हणून परत घातली.