सेक्रेटरीची उजळणी

सीबीडी बेलापूर,
१२ जानेवारी १९९७

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी झाला. घरं चौसष्ट, आणि मला शेजाऱ्याचंही नाव आठवत नाही. परवा जिन्यात एका बाईंना त्यांच्या सुनेच्या नावानं हाक मारली. म्हणून आमच्या चिरंजीवांनी, अभयने, रबाळ्याच्या त्याच्या कंपनीतून फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम आणलाय. प्रश्न-उत्तरं आपणच भरायची, तो रोज उजळणी घेतो. आठवलं नाही तर उद्या पुन्हा विचारतो; आठवलं तर आठवड्याने, मग महिन्याने, मग त्याहून उशिरा.

आता कुणाच्या आईचा दमा, कुणाची पाण्याची तक्रार, सगळं पाठ. पहिल्या मजल्यावरचे अरविंदराव : गुडघा दुखतो, कॅरम आवडतो, गोड बंद. माझ्या माणुसकीचा गवगवा झालाय, आणि ती सगळी एका फ्लॉपीत मावते! फेब्रुवारीत डोळ्याच्या ऑपरेशनला तुझ्याकडे येतो.

तुझाच,
हौसेराव

बेलापूर, २४ मार्च

ती. अक्कास सा. न.

परवा सुखरूप घरी पोचलो, डोळा बरा आहे. तोंडाचंच ऑपरेशन करून घ्यायला हवं होतं. काल सकाळी प्रोग्रॅमने अरविंदरावांचं विचारलं. सगळं बरोबर आलं. त्याच ऐटीत दूध आणायला उतरलो, तर त्यांच्या पत्नी राजश्रीबाई दारात. विचारलं, काय म्हणतोय अरविंदरावांचा गुडघा? त्यांनी दार लावून घेतलं.

मी तुझ्याकडे असताना ते हार्ट अटॅकने गेले, अक्का. अभय म्हणतो, तुम्हाला सांगायचं विसरूनच गेलो.

राजीनामा लिहून ठेवलाय. कालपासून लिफ्टनेच जातो, म्हणजे त्यांच्या दारावरून जावं लागत नाही.

हौसेराव

वाई, ३० मार्च

चि. हौसेराव यास अनेक आशीर्वाद.

तुझा राजीनामा घेऊन ती काय करणार आहे? लिफ्टमधून उतर आणि तिच्या दारात जाऊन उभा राहा. सबबी सांगू नकोस, कॉम्प्युटरचं तर नावच काढू नकोस. तुझे भाऊजी गेल्यावर चौदाव्या दिवसापासून लोक माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलायला लागले. त्यांचं नाव म्हणून कुणी घेईना. आणि अभयचा कान पिळ, तिशीचा घोडा असला तरी. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझी अक्का

बेलापूर, १४ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

गेलो. माफी मागितली, आणि तुझं न ऐकता कॉम्प्युटरचंही सांगून टाकलं. वाटलं, हाकलतील. तर त्यांनी विचारलं, त्यात यांच्याविषयी काय लिहिलंय? सांगितलं. म्हणाल्या, गोड बंद कसलं, रोज कोपऱ्यावर जिलबी खाऊन यायचे आणि ओठ पुसायला विसरायचे.

रविवारी त्या स्वतःच घरी आल्या. ती चूक दुरुस्त करून घेतली. मग म्हणाल्या, अजून लिहा. कॅरममध्ये हरले की कुणाला दोष द्यायचे, झोपेत काय बडबडायचे, असे सत्तावीस प्रश्न अभयने भरले. मग त्या खुर्चीत बसल्या. प्रोग्रॅम एकेक विचारत गेला. त्या तोंडाने उत्तर अचूक द्यायच्या आणि बटण मात्र ‘आठवलं नाही’चं दाबायच्या.

अभय म्हणाला, काकू, चुकीचं दाबताय, अशाने हे सगळे उद्या पुन्हा येतील. त्या म्हणाल्या, माहीत आहे मला. उद्या किती वाजता येऊ?

दहाला या म्हणालो. लोभ आहेच, कमी पडला तर कळव.

तुझा,
हौसेराव