पेन्सिलीचे टिंब

गुरुवार, दि. ४

सकाळी कंपनीच्या गेटवर नसीमआपा उभी. आमच्या प्रभागातील पक्षाच्या महिला आघाडीची अध्यक्ष. बारा वर्षे सभांना बायका गोळा करते, तिकिटाच्या यादीत तिचे नाव एकदाही आलेले नाही. प्रभागाचे पुढारी भाऊ, त्यांनी विचारायला पाठवले होते : मी डमी अर्ज भरीन का?

प्रभाग महिलांसाठी राखीव झाला त्या दिवसापासून उमेदवारी भाऊंच्या पत्नीची, वैशालीवहिनींची, हे ठरलेलेच आहे. त्यांचा अर्ज बाद झालाच, तर पक्षाच्या पत्रावर पर्यायी नाव असावे लागते. ते नाव माझे. वहिनींचा अर्ज वैध ठरला की मी माघार घ्यायची.

"माझेच का?"

"तुमचे कागद कधी चुकत नाहीत म्हणून. आणि तुम्ही निवडून यायचा धोका नाही म्हणून," आपा म्हणाली, आणि स्वतःच हसली.

पहिले कारण खरे. दुसरे अपमानास्पद, बहुधा तेही खरे. तरीही होकार दिला. तीन वर्षे प्रभागाची सारी निवेदने मी लिहिली. पाणी, कचरा, चाकणच्या शिफ्टच्या बस. खाली सही नेहमी भाऊंची. एकदा तरी सरकारी यादीत आपले नाव छापलेले पाहावे, ही इच्छा. अहंकार आहे. नोंद असावी.

शनिवार, दि. ६

भाऊंचे संपर्क कार्यालय. खुर्च्या पुरुषांना, सोफा वहिनींना, स्टूल मला.

सह्या केल्या : उमेदवारी अर्ज, प्रतिज्ञापत्र, आणि तिसरा कागद माघारीचा, तारखेविना. सोबत अधिकारपत्र, की तो माझ्या वतीने माझ्या सूचकाने द्यावा. सूचक म्हणजे गावठाणातले कुंडलिकमामा, भाऊंच्या वडिलांपासूनचे कार्यकर्ते. तारखेशिवाय मी सही करत नाही, असे म्हणून पाहिले. भाऊ हसले. "मॅडम, डमीच्या कागदावर तारीख आम्ही टाकतो. पद्धत आहे."

सही केली. गुणवत्ता विभागात पंधरा वर्षे काढली. तारीख नाही म्हणून अख्खा लॉट अडवलेला आहे. आणि हे.

नंतर वहिनींच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा हाती दिला. नेहमीच्या सवयीने पेन्सिल घेऊन एकेक रकाना वाचू लागले. दुसऱ्या पानावर असताना भाऊ मोठ्याने म्हणाले, "शुद्धलेखन तेवढं बघा हो. बाकीचं वकील बघतील. तुमची पीएच.डी. कंपनीत वापरा." सगळे हसले. स्टुलावर बसून हसू ऐकणे हे खुर्चीवर बसून ऐकण्यापेक्षा वेगळे असते.

राहिलेली पाने संपवली, कागद परत दिला. आपाने पानांचे फोटो काढून प्रभागाच्या ग्रुपवर टाकले : मॅडमनी तपासलं.

आणखी एक लिहायचे होते. राहू दे.

सोमवार, दि. ८

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. मी सकाळी अकराला एकटी गेले. लिपिकाने पाने दोनदा उलटली, काही सापडेना, तेव्हा थोडा खट्टूच झाला. पोच घेतली.

वहिनी ढोलताशांसह आल्या ते पावणेतीनच्या मुहूर्तावर. मुदत तीनची. इतक्या उशिरा गेल्यास त्रुटी दाखवायलाही कोणाला वेळ उरत नाही, हे मला कळते, वकिलांना कळायला हवे होते. मी बोलले नाही. मला विचारलेही नव्हते.

बुधवार, दि. १०

क्रमाने लिहिते.

आज छाननी. वहिनींचा अर्ज बाद. प्रतिज्ञापत्रात प्रलंबित खटल्यांचा रकाना कोरा. मारुंजीच्या एका जागेचा दावा वहिनींच्या नावावर चालू आहे. तपशील विचारून भरू म्हणून वकिलांनी जागा सोडली, आणि मुहूर्ताच्या गडबडीत ती तशीच राहिली. अधिकारी शांतपणे म्हणाले, अर्ज मुदतीच्या तोंडावर आला, त्रुटी दूर करायला वेळ नव्हता. मग पुढचा कागद उचलला आणि माझे नाव वाचले. पक्षाची अधिकृत उमेदवार. वैध.

सगळी डोकी एकदम वळली. भाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्याचीच भीती अधिक वाटली.

जिन्यात वहिनींनी माझा हात धरला. वाटले, आता बोलतील. पुटपुटल्या, "सुटले बाई. मला नव्हतंच उभं राहायचं. ह्यांना सांगू नका."

आपाचा तेवढ्यात फोन : नवरी मांडवाबाहेर आणि करवली बोहल्यावर, आता पळू नका मॅडम.

मी करवली नाही. आणि मला पळायचे आहे.

गुरुवार, दि. ११

भाऊ घरी आले. पेढ्यांचा पुडा. आईच्या पाया पडले.

बोलणे अत्यंत सभ्य. त्यांच्या भावजयीचा अपक्ष अर्ज आधीच भरून ठेवलेला आहे. सारे बळ आता तिच्यामागे. मी बाजूला व्हायचे. त्यासाठी मला काहीच करायचे नाही. माघारीचा सही केलेला कागद त्यांच्याकडे आहेच, शनिवारी तीनच्या आत कुंडलिकमामा देतील. एकदा दिला की परत घेता येत नाही.

मग आलात कशाला, हे मी मनात विचारले. उत्तर त्यांनी दिले.

"तुमच्या वहिनींचा कागद तुम्हीच तपासला होता ना, मॅडम?"

"शुद्धलेखन तपासले होते."

"हं. तुमच्या नजरेतून असं सुटतं कसं, एवढंच नवल वाटलं." आणि लगेच आईकडे वळून, "काकू, रोज सकाळी विहारात चालत जाता ना? त्या रस्त्याला डंपर फार. जपून जात जा."

आईने त्यांना आणखी एक कप चहा दिला.

पेढे फ्रिजमध्ये आहेत. मी फ्रिज उघडत नाही.

शुक्रवार, दि. १२

सकाळी नऊ. आई विहारातून भाऊंच्या पांढऱ्या गाडीने घरी परतली. ड्रायव्हरने वर दारापर्यंत सोडले. आई खूश. "किती सज्जन माणूस. उद्यापण गाडी पाठवतो म्हणाला." मी म्हटले, उद्या जाऊ नकोस. का, विचारते. काय सांगू? आदराने दार उघडून बसवले, यात तक्रार कशाची करायची?

साडेदहा. कंपनीतून मॅनेजरांचा फोन. दुसऱ्या लाइनवरची कंत्राटी मुले आज आलीच नाहीत. कंत्राट भाऊंच्या भाच्याचे. "आपल्या रजेशी याचा काही संबंध आहे का, मॅडम?" नाही म्हणाले. दोन दिवसांत दुसरे अर्धसत्य.

दुपारी आपा आली. पक्षाच्या शहर कार्यालयाशी बोलून आलेली. त्यांचे म्हणणे, चिन्ह अधिकृत उमेदवाराचे; मॅडम टिकल्या तर पक्ष त्यांच्यामागे. टिकायचे कसे, तेही ती विचारून आली होती : मामांना दिलेले अधिकारपत्र रद्द केले, असे निवडणूक अधिकाऱ्यांना स्वतः लिहून द्यायचे, मामांचा कागद आत जाण्याआधी. एवढेच. एवढेच म्हणजे भाऊंशी उघड वैर, या प्रभागात, आईसह.

मग तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. वहिनींच्या प्रतिज्ञापत्राचा तो मसुदा, माझ्या पेन्सिलीच्या खुणांचा. प्रत्येक रकान्यापुढे बरोबरची खूण. खटल्यांच्या कोऱ्या रकान्यापुढे खूण नाही. टिंब.

मतदारयाद्या तपासताना आपा दोन महिने माझ्याशेजारी बसली आहे. तिला माझे टिंब माहीत आहे. टिंब म्हणजे शंका. विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही.

तिने टिंबावर बोट ठेवले. म्हणाली, "दिसलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि गप बसलात."

भाऊंनी शुद्धलेखन बघा म्हटले, हसले सगळे, म्हणून; असे काहीतरी मी सांगू लागले. स्वतःच्याच कानांना ते फार लहान वाटले. आपा म्हणाली, "मला बारा वर्षं हसतात, मॅडम. मी असते तर ओरडून सांगितलं असतं."

तिचे बरोबर आहे. मी फार लवकर माणसांची किंमत करते, आणि तिची कमी केली होती.

फोटो ग्रुपवर आहे. आता काढून टाकला तर जास्त डोळ्यांत येईल. कोणीतरी तो मोठा करून पाहायचा अवकाश. भाऊंनी पाहिला असेल का? त्यांना टिंबाचा अर्थ ठाऊक असेल का? "नवल वाटलं" हे कोणत्या अर्थाने?

त्याहून वाईट प्रश्न. ते टिंब देऊन मी गप्प बसले तेव्हा मला फक्त भाऊंची फजिती हवी होती, की ही जागा? सदोष भाग पाहूनही जो पुढे जाऊ देतो, त्याला मी कंपनीत घरी बसवले असते. त्याला मी कारण विचारले नसते.

संध्याकाळपर्यंत पत्राचे तीन मसुदे केले. तिसरा निर्दोष. सही केली, तारीख घातली.

शनिवार, दि. १३

११.२० निवडणूक कार्यालयाबाहेरचे बाकडे. वही सोबत आणली, हात गुंतलेला राहावा म्हणून.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कुंडलिकमामा. मांडीवर प्लास्टिकची पारदर्शक फाइल. त्यातून माझी सही मला इथून दिसते. ते आत जात नाहीत, भाऊंच्या फोनची वाट पाहत आहेत. भाऊ शहर कार्यालयात काहीतरी सौदा ठरवत असणार. तोवर माझा कागद म्हणजे त्यांच्या हातातला पत्ता.

दार सहा पावलांवर. मोजले.

१२.४० उठले नाही. स्वतःला सांगितलेले कारण : आईने ऐकले नाही, आजही विहारात गेली, तिथे दुपारपर्यंत कार्यक्रम आहे. ती घरी पोचल्याचे कळेपर्यंत काही करायचे नाही. आपाला तिच्यामागे पाठवले आहे.

बाहेर एक पांढरी गाडी. या शहरात निम्म्या गाड्या पांढऱ्या आहेत.

१.५५ आपाचा फोन. काकू घरी, मी सोबत, आतून कडी लावली. मागून आईचा आवाज, हिला जेवायला थांबव म्हणत होती.

म्हणजे कारण संपले. तरी बसून आहे. पाण्याची बाटली अजून उघडलेली नाही.

२.२० मामा सरकून जवळ आले. म्हणाले, माझे वडील आणि ते एकाच कंपनीत होते. वडील लेथवर, हे गेटवर. युनियनचा कागद असो की साहेबाचा, वडील वाचल्याबिगर सही करत नसत. मी म्हटले, मीही वाचूनच केली होती. ते मान हलवत राहिले.

मग खालच्या आवाजात, "वहिनीसायबांच्या अर्जातली ती जागा तुमास्नी दिसली न्हवती व्हय?"

भाऊंनी विचारायला सांगितले असेल. नसेलही. तिसरे अर्धसत्य तयार होते, नीट रचलेले.

"दिसली होती, मामा."

"मंग बोलला का न्हाई?"

"राग आला होता."

त्यांनी फाइल उलटी केली. आता सही दिसत नाही. मग म्हणाले, "खरं बोलायला ह्यो दिवस बरा निवडलासा." हसले की नाही, कळले नाही. पुढे म्हणाले, "आमालाबी लई येळा राग आला. आमी तरी कुटं बोललो." मी विचारले, फोन आला की तुम्ही आत जाणार ना? "जावंच लागंल. पोरगा त्येंच्याच कंत्राटावर हाय."

त्यांना दोष देता येत नाही. मला सवय आहे, तरी देता येत नाही.

२.४१ मामांचा फोन वाजतो आहे. खिशातून काढला, पाहिला. भाऊंचे नाव इथून वाचता येते. उचललेला नाही. माझ्याकडे पाहत आहेत. माझ्याकडे, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे.

थांबला. पुन्हा वाजू लागला.

पत्र याच वहीच्या मागच्या कव्हरात आहे. ते काढायचे तर लिहिणे थांबवले पाहिजे.